तीन नंबरचा पट्टा

१

"चिमणीला चिमणीनं खाल्लं," वीज केंद्राच्या फाटकावरचा पहारेकरी मला म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसला. मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो मुकाट्यानं फाटक उघडायला लागला.

मी अपघात निरीक्षक. कुठल्याही कारखान्यात माणूस मेला की सरकार मला धाडतं. माझं तोंड फाटकं आहे असं माझ्या वरचे लोक म्हणतात, आणि खालचे लोक मला घाबरतात. मला दोन्ही सोयीचं आहे.

मेलेल्या पोरीचं घरातलं लाडाचं नाव चिमणी. त्या वीज केंद्राच्या वसाहतीतच लहानाची मोठी झाली आणि कॉलेजात जाऊन त्याच केंद्राची धूर ओकणारी चिमणी बंद करायला निघाली. 'कोळसा जमिनीत राहू द्या' अशा पाट्या घेऊन फिरायची. गावात उन्हाळ्यानं माणसं पटापट आडवी होत होती, तरी गाव तिच्यावरच चिडलेलं. ही कार्टी आमचे पंखे बंद करणार, म्हणे! काल उजाडता उजाडता ती आणि तिचे चार साथीदार कुंपणातून आत शिरले आणि कोळसा वाहून नेणाऱ्या चार नंबरच्या पट्ट्यावर जाऊन बसले. पट्टा थांबलेला होता. मग तो सुरू झाला. खालच्या बाजूचे चौघे उड्या मारून वाचले. चिमणी सगळ्यांत वर बसली होती. पट्टा जिथे वळतो तिथल्या रुळाखाली ती सापडली.

पट्टा ज्यानं सुरू केला तो कंट्रोल रूममध्ये एका लोखंडी स्टुलावर बसला होता. शेजारी पोलीस. सगळं केंद्र त्याला पट्टेकाका म्हणतं. उभा जन्म पट्ट्यांवर घालवलेला माणूस. चिमणीचा बाप.

"काल पाळी तीन नंबरच्या पट्ट्याची होती," तो खाली बघत म्हणाला. "बटण दाबलं, पण तीन लागेना. पोरगा फिटर आहे, ड्युटीवर होता. त्याला वॉकीवर म्हटलं, बघ रे जरा. तो म्हणाला, बाबा, तीनचा फ्यूज उडालाय, चार लावा. लावला."

"ती तिथे आहे हे माहीत होतं?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. समोरच्या पडद्यावर चार नंबरच्या कॅमेऱ्याचं चित्र होतं. भिंगावर कोळशाची पूड बसून नुसतं काळं. पोलिसानं डोळ्यांनीच मला खुणावलं की माणूस तयार आहे, तुम्ही सही केलीत की नेतो.

"बाई," पट्टेकाका म्हणाला, "मला जेलात घाला, फाशी द्या, माझं काही म्हणणं नाही. फक्त एवढंच सांगा. माझ्या हातानं गेली का ती?"

काय सांगणार, कप्पाळ? मी पोलिसाला म्हटलं, पोरीच्या अंगावर जे सापडलं ते दाखव. त्यानं पाकीट उलटं केलं. एक रुमाल, एक फुटका फोन आणि एक बुटकी पितळी किल्ली.

"घराची असेल," पोलीस म्हणाला.

पट्टेकाकानं किल्ली पाहिली आणि त्याच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं रक्तही उतरलं. "ही घराची नाही," तो म्हणाला. "ही जिवाच्या कुलपाची आहे."

२

जिवाचं कुलूप म्हणजे काय ते त्यानंच सांगितलं. पट्ट्यावर कुणाला चढायचं असेल तर त्यानं आधी स्विचरूममध्ये जाऊन त्या पट्ट्याच्या स्विचला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात टाकायची. कुलूप असेपर्यंत वरून कितीही बटणं दाबा, पट्टा हलत नाही. प्रत्येकाचं कुलूप वेगळं, किल्ली एकच. स्विचला कुलूप दिसलं की पहिला प्रश्न, 'कुणाचं?' उत्तर मिळेपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही.

म्हणजे पोरगी वेडी नव्हती. बापाच्या मांडीवर बसून शिकलेली. कुलूप लावून, किल्ली खिशात घालून मगच ती पट्ट्यावर चढली होती.

मग पट्टा लागला कसा? आणि कुलूप कुठे गेलं?

मोठ्या साहेबांच्या खोलीत एवढा गारवा होता की अंगावर काटा आला. साहेबांनी कानावर हात ठेवले. "कुलूपबिलूप काही सापडलं नाही. बाई, मागणी किती आहे तुम्हाला कल्पना आहे? एक पट्टा बंद म्हणजे अर्धा जिल्हा घामात. बेकायदा घुसली, मेली. वाईट झालं. पण विषय संपला."

"पट्टा लागण्याआधी भोंगा वाजायला हवा. का नाही वाजला?"

"तो बंद ठेवलाय. पहाटे वाजला की अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत झोपमोड होते."

"आणि पट्ट्याच्या कडेची दोरी? ओढली की पट्टा थांबतो ती?"

"तुटली होती. तात्पुरती गाठ मारून घेतलीय."

"गाठ मारलेली दोरी ओढली तर काय होतं?"

"गाठ सुटते," साहेब म्हणाले, जणू मी त्यांना पाढे विचारले होते. "कुलूप कापायचं तर मोठी कात्री लागते, आणि ती माझ्या सहीशिवाय मिळत नाही. मी सही केलेली नाही."

कात्री साहेबांच्या ताब्यात, पोरगी साहेबांच्या डोळ्यांत सलणारी. माझा संशय त्यांच्यावर बसला आणि तिथेच फतकल मारून राहिला.

बाहेर ओसरीवर चिमणीचा थोरला भाऊ उभा होता. सगळे त्याला दादा म्हणतात. अंगात फिटरचा निळा शर्ट, छातीवर कंत्राटी कामगाराचा पिवळा बिल्ला. तो बिल्ला धुऊन धुऊन पांढरा पडला होता. किती वर्षं कंत्राटी, असं विचारल्यावर तो नुसताच हसला.

"फ्यूज उडाला होता," तो म्हणाला. "बाबांना सांगितलं, चार लावा. ती तिथे बसलीय हे मला काय ठाऊक? नंतर फ्यूज बदलला."

"बहिणीशी पटायचं?"

"बहीण होती हो. पण अर्धवट माहिती आणि उडी मोठी, असं तिचं. कुणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला? नंबर चुकली आणि जिवाला मुकली." तो भिंतीकडे वळला. "आता बाबांचं काय होणार ते सांगा."

पोरगा बापासाठी कळवळतोय, असं वाटलं मला. माणसं ओळखण्यात मी हुशार, असं मीच समजते.

३

आंदोलनाचा पुढारी पोलीस चौकीच्या बाकावर बसला होता. छातीपर्यंत दाढी, गुडघा खरचटलेला. सगळे त्याला दाढीवाला म्हणतात. मी आत गेले तेव्हा तो फोनवर चिमणीचं शेवटचं चित्रीकरण पुन्हा पुन्हा बघत होता.

"किती लोकांनी पाहिलं माहितेय?" तो म्हणाला.

"तुझी साथीदार मेलीय, बाळा."

"हो. फार वाईट." मग हळूच, "पण बाई, चळवळीला एक चेहरा लागतो."

माझा हात शिवशिवला. सरकारी नोकरी आड आली, नाहीतर त्याचा चेहरा चळवळीच्या कामाचा राहिला नसता.

"बसल्या बसल्या केंद्राला फोन करून कळवायचं, असं ठरलं होतं ना? मग का नाही केलास?"

"उजेड नीट आला नव्हता. आधी चित्रीकरण, मग फोन, असं मी म्हटलं. तिला वर बसवलं, तिथून मागे धुराची चिमणी छान दिसते."

"ती घाबरली नाही?"

"छे! तीच आम्हाला धीर देत होती. म्हणाली, हा माझ्या बाबांचा पट्टा आहे, मी त्याला कुलूप घालून आलेय, हा आता मेलेला आहे. एकटीच गेली होती स्विचरूममध्ये. हसत आली. मला वाटलं, फाटकाला कुलूप घातलं असेल." त्यानं दाढीत बोटं घातली. "लागला तेव्हा ती ओरडली. 'बाबा' म्हणून. तेही आलंय यात. ऐकायचंय?"

"नको," मी म्हटलं. पण त्यानं लावलंच.

४

साहेबांना अडकवायचं तर कुलूप हवं. पोरीला कुलूप मिळालं कुठून, ते शोधायला मी वसाहतीत त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, दारावर काळी पूड, पुसली तरी पुन्हा बसणारी. आई जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. शेजारच्या दोघी होत्या, त्या मला बघून उठल्या.

दाराशेजारी एक खिळा होता. खिळ्याखाली भिंतीवर कुलपाच्या आकाराचा पांढरा डाग.

"ह्यांचं कुलूप होतं तिथे," आई म्हणाली. "पट्ट्यावरून कंट्रोल रूमला बदली झाली तेव्हा घरी आणलं. त्यावर ह्यांनी माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता, आपलं ओळखू यावं म्हणून. पोरांनी किती हट्ट केला तरी कुणाला खेळायला दिलं नाही. म्हणायचे, ह्यानं मला जिवंत घरी पाठवलंय."

चिमणीनं बापाचं कुलूप नेलं होतं. बापाला जिवंत घरी पाठवणारं.

"काल सकाळी तुम्हाला काही कळलं होतं?"

"मला काय कळणार? मी भाकऱ्या थापत होते. फळीवरच्या वाट्या किणकिणल्या." तिनं वर हात केला. "ह्यांचा तीन नंबर लागला की आमच्या वाट्या वाजतात. बाकीच्या पट्ट्यांनी नाही वाजत, तो जवळून जातो ना. मी म्हटलं, चला, पट्टा लागला, आज हे वेळेवर घरी येतील." ती बोलता बोलता थांबली आणि तिनं तोंडात पदर कोंबला.

मी धीर धरून म्हटलं, "काकू, काल तीन लागलाच नव्हता. चार लागला होता."

"तुमचा चार," ती म्हणाली. "आमचा तीन. मागे नवीन पट्टा बांधला तो पलीकडच्या अंगाला. साहेब लोकांनी त्याला एक नंबर दिला आणि बाकीचे एकेकानं पुढे सरकवले. ड्युटीवर पाटीचा नंबर बोलावा लागतो. पण घरात हे अजून जुनंच बोलतात. माझा तीन, माझा तीन. मुलीला तर पाळण्यात असल्यापासून तेच ठाऊक."

मी ताडकन उठले. चहा आणत असलेल्या शेजारणीला माझा धक्का लागला, तिची क्षमासुद्धा मागितली नाही.

५

स्विचरूम पट्ट्यांपासून लांब, एका बंद कौलारू खोलीत आहे. आतून एकही पट्टा दिसत नाही. भिंतीवर चार लोखंडी कपाटं ओळीनं, आणि प्रत्येकावर पाटी. एक, दोन, तीन, चार.

त्या पोरीनं काय केलं असेल ते मला लख्ख दिसलं. हातात बापाचं कुलूप. बापाचा पट्टा म्हणजे तीन. समोर तीनची पाटी. कुलूप घातलं, किल्ली खिशात, आणि हसत हसत जाऊन बसली बापाच्या पट्ट्यावर, ज्याला आता चार म्हणतात.

आणि त्या दिवशी पाळी तीनची होती! चार नंबर दिवसभर झोपूनच राहणार होता. तिनं कुलूप घातलंच नसतं तर तीन सुखरूप लागला असता आणि पोरगी चारवर बसून संध्याकाळपर्यंत घोषणा देत राहिली असती. तिच्या कुलपानं रिकामा पट्टा अडवला, म्हणून भरलेला लावला गेला. मी बरीच मरणं पाहिलीत, पण सावधपणानं मेलेलं माणूस हे पहिलंच. "अगं पोरी," एवढंच तोंडून निघालं.

मग डोळे पुसून कामाला लागले. तीनच्या कपाटात फ्यूजवर कोळशाची पूड साचलेली, बोटभर. त्याला कित्येक महिन्यांत कुणी हात लावलेला नव्हता. फ्यूज बदलला म्हणे! उलट कुलूप अडकवायच्या कडीवर ताजा, चकचकीत ओरखडा. ओरखड्याच्या बाजूला लोखंडी कीस. कात्रीनं कापलेलं नव्हतं ते, करवतीच्या पात्यानं कापलं होतं. असं पातं प्रत्येक फिटरच्या पिशवीत असतं. साहेबांच्या सहीची गरजच नव्हती.

तेव्हा मला दादाचं ते यमक आठवलं. 'नंबर चुकली आणि जिवाला मुकली.'

६

दादाला मी तिथेच बोलावलं. तो आला, खांद्यावर अवजारांची पिशवी.

"मघाशी तू म्हणालास, ती नंबर चुकली," मी म्हटलं.

"चुकलीच ना. तीन समजून चारवर बसली."

"नाही. जिथे बसायचं होतं तिथेच ती बसली. बाबांच्या पट्ट्यावर. बसण्यात तिची काहीच चूक झाली नाही. चूक झाली ती इथे, या खोलीत, कुलूप लावताना. आणि ही चूक कुणाला दिसली असेल? ज्यानं तीनच्या पाटीखाली कुलूप लटकताना पाहिलं, त्यालाच. दाढीवाल्याला नंबर ठाऊक नाहीत. साहेबांना कुलूप ठाऊक नाही. तुझ्या बापाला आत्तापर्यंत यातलं काही ठाऊक नाही. मग ती नंबर चुकली हे तुला कुणी सांगितलं रे?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी त्याच्या तोंडावर पाहिलं. तो फ्यूजच्या कपाटाकडे बघत राहिला.

"लाल ठिपका दिसला," तो शेवटी म्हणाला. "लगेच कळलं. बाबांचं कुलूप, म्हणजे ही आलीय. तीनला लावलंय, म्हणजे बसलीय चारवर."

"आणि तू बापाला म्हणालास, चार लावा."

"मला वाटलं, हलेल जरा. घाबरेल, उडी मारेल. एकदाची खोड मोडेल. बाई, दर वेळी कायम करा म्हणून गेलो की साहेब म्हणायचे, आधी बहिणीला आवर. माझ्या मागून आलेले कायम झाले. माझं लग्न मोडलं. आणि ही घरी येऊन मला शिकवायची, दादा, तू विष वाहतोस! अगं, त्याच विषावर शिकलीस ना तू?"

"भोंगा बंद आहे हे तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि ती दोरी?"

त्याचं तोंड वाकडं झालं. "गाठ मीच मारली होती."

"मग ती उडी मारणार कशाच्या जोरावर होती? तुझ्या आशीर्वादाच्या?"

मी हात पुढे केला. त्यानं पिशवीत तळापर्यंत हात घातला आणि कापलेलं कुलूप माझ्या तळहातावर ठेवलं. लाल ठिपका, जरासा उडालेला. पोलिसाकडून घेतलेली चिमणीची किल्ली मी त्यात घातली. ती अलगद फिरली.

"फेकायला दोनदा गेलो," तो म्हणाला. "फेकवेना. बाबांचं आहे."

"बहीण फेकवली."

आता मात्र तो खरा रडायला लागला. मला दया आली नाही. यावी म्हणून मी थोडा वेळ थांबलेही.

७

मोठ्या साहेबांनी सगळं ऐकलं आणि खुर्चीत मागे रेलून सुस्कारा सोडला. "म्हणजे घरगुती भांडण! छान, फार छान काम केलंत. केंद्राचा यात काही संबंधच नाही."

"भोंगा, दोरी, कॅमेरा आणि ते सरकवलेले नंबर, सगळं मी लिहिणार आहे."

"लिहा की. मागे जोडा, परिशिष्टात." ते गोड हसले. "तिथपर्यंत वाचतंय कोण?"

दाराशी जाऊन मी त्यांना चार शब्द सुनावले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. त्यांच्या खोलीतला गारवा तसूभरही कमी झाला नाही.

पट्टेकाकाला सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. सांगायला दुसरं कोणी तयार नव्हतं. दोघं नवराबायको समोरासमोर बसली होती. पोराला पहाटे नेलं तेव्हा का नेलं हे कुणी सांगितलं नव्हतं, पण आईला कळलं असावं, कारण मी सांगताना ती एकदाही 'काय?' म्हणाली नाही.

मी कुलूप त्याच्यापुढे ठेवलं. "तुमच्या हातानं नाही गेली," मी म्हटलं. "तुम्ही विचारलं होतंत म्हणून सांगते. तुम्हाला फसवलं गेलं."

त्यानं कुलूप उचललं, अंगठ्यानं ठिपका चोळला.

"घरात मीच तीन म्हणत राहिलो," तो म्हणाला. "पाटी बदलली तेव्हाच जीभ वळवली असती तर? हाताचं जाऊ द्या बाई. माझ्या तोंडानं गेली."

मी किल्ली काढून कुलपाशेजारी ठेवली.

"तुम्हाला काय मिळालं?" आईनं विचारलं. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव विचारावा तसा. "एक पोर पट्ट्यानं नेलं. दुसरं तुम्ही नेलंत. काल निदान एक होतं."

तेवढ्यात फोन वाजला. पट्टेकाकानं सवयीनं उचलला. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू आलं. कुणीतरी नवखा होता, घाबरलेला. "काका, माफ करा, अशा वेळी तुम्हाला त्रास... पण मी इथे आजच आलोय. कोठारातला कोळसा संपत आलाय, साहेब ओरडतायत. कुठला पट्टा लावू? घरामागून जातो तो तुमचा पट्टा चालू स्थितीत आहे का? त्याचा नंबर काय?"

पट्टेकाकानं तोंड उघडलं.

"ती..." तो म्हणाला. पुढचं अक्षर त्याच्या घशातून येईना. भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत तो पुन्हा म्हणाला, "ती..."

"तीन? मग पाटीवरचा तीन नको, तुमचा घरचा तीन म्हणजे पाटीवरचा चार, असं इथे कुणीतरी म्हणत होतं. आता कळलं. चार लावतो, काका," पलीकडचा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

थोड्याच वेळात फळीवरच्या वाट्या किणकिणू लागल्या.